त्रिनिदादच्या रात्री

कॅरिबियन बेट म्हटले की पर्यटन कंपन्यांच्या रंगीत पत्रकांतले एकच चित्र डोळ्यांपुढे येते. निळे पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड आणि कुणाच्या तरी हातातला पेला. व्रत-नियम पाळणाऱ्या कुटुंबाने असल्या ठिकाणी जाऊन करायचे काय, असा प्रश्न त्यामुळे साहजिकच पडतो. सूर्यास्तानंतर जेवण नाही, मद्याला स्पर्श नाही, कंदमूळ वर्ज्य. मग रात्रींसाठीच नावाजलेल्या बेटाची रात्र अशा कुटुंबाच्या वाट्याला कितीशी यावी? त्रिनिदादपुरते या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित आहे. तेथे रमची दुकाने गल्लोगल्ली आहेत, हे खरे. पण बेटाची खरी रात्र त्या दुकानांत नाही. ती पिंपाच्या पत्र्यातून निघणाऱ्या सुरांत आहे, बांबूच्या कमानींवर तेवणाऱ्या पणत्यांत आहे आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर दिवे मालवून पहारा करणाऱ्या गावकऱ्यांत आहे. यांपैकी कशासाठीही चौविहार मोडावा लागत नाही.

त्रिनिदाद हे आकाराने गोव्याहून थोडे मोठे, ४,७६८ चौरस किलोमीटरचे बेट. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाचा किनारा येथून सर्वांत जवळच्या ठिकाणी अवघ्या ११ किलोमीटरवर आहे. त्यामुळे येथील जंगल, पक्षी आणि फुलपाखरे यांचे नाते इतर कॅरिबियन बेटांपेक्षा त्या खंडाशी अधिक जवळचे. उत्तरेला ९४० मीटरपर्यंत चढलेली हिरवी डोंगररांग, पश्चिमेला खारफुटीची दलदल, मध्यभागी एके काळच्या उसाच्या मळ्यांचे सपाट रान. शेजारचे लहानसे टोबॅगो धरून या देशाची लोकसंख्या सुमारे १४ लाख आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्यांतील ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत.

हे भारतीय तेथे कसे पोचले, ते समजल्याशिवाय बेटाचे कोणतेच रूप नीट उमगत नाही. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा मळेवाल्या गोऱ्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. पुढे १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे पाच वर्षांच्या कराराने आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, भोजपुरी बोलणारी. ही करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करावी असा ठराव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला होता. तो तेव्हा फेटाळला गेला. पाच वर्षांनी मजूरभरती थांबली. तोवर ती माणसे त्रिनिदादची झाली होती.

बेटावरचा दिवस कसा संपतो, ते पाहायचे असेल तर राजधानीच्या दक्षिणेस असलेल्या कारोनीच्या दलदलीत जावे. दुपारी चारच्या सुमारास सपाट बुडाच्या होड्या निघतात. खारफुटीच्या मुळांची जाळी दोन्ही बाजूंना, फांदीवर वेटोळे करून निजलेला एखादा साप, पाण्यावर तेलासारखी शांतता. होडी एका मोकळ्या जलाशयात येऊन थांबते आणि नावाडी यंत्र बंद करतो. मग आकाशातून लाल ठिपके उतरू लागतात. आधी दोन, मग दहा, मग मोजता न येण्याइतके. हे लाल शराटी पक्षी. समोरच्या बेटकुळीवरची हिरवी झाडे अर्ध्या तासात जणू गुलमोहरासारखी फुलून जातात. पिल्लू असताना हा पक्षी करडा-तपकिरी असतो. खेकडे-कोळंबीतील रंगद्रव्य अंगात साठत गेले की त्याला हा रंग चढतो. हा राष्ट्रपक्षी असूनही त्याची चोरटी शिकार होत राहिली, कारण त्याचे मांस चवदार मानले जाई. अखेर २०१८ साली त्याला विशेष संरक्षण मिळाले आणि त्याला मारणाऱ्यास १ लाख त्रिनिदादी डॉलर दंड व दोन वर्षे कारावास अशी शिक्षा ठरली. तेव्हापासून झाडावरचा तो लाल फुलोरा कायद्याच्या कुंपणात आहे.

येथे एक व्यवहाराची सूचना अस्थानी ठरणार नाही. विषुववृत्त जवळ असल्याने त्रिनिदादमध्ये सूर्य वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, आणि होडी परतते ती मावळल्यावरच. चौविहार पाळणाऱ्यांनी जेवण होडीत बसण्यापूर्वीच आटोपलेले बरे.

आणि जेवणाचा प्रश्न वाटतो तितका बिकट नाही. या बेटाचा सर्वांत लाडका पदार्थच मुळात निरामिष आहे. त्याचे नाव ‘डबल्स’. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ, तळलेले ‘बारा’, म्हणजे आपल्या वड्याचेच दूरचे भावंड, आणि त्यांच्यामध्ये रसदार चणे, वर चिंचेची चटणी. प्रिन्सेस टाउन या गावी १९३६ च्या सुमारास एका दीन दांपत्याने (दीन हे त्यांचे आडनाव, परिस्थिती नव्हे, पुढे तर त्यांचा चांगला व्यवसाय उभा राहिला) हा पदार्थ विकायला सुरुवात केली. आज साहेब आणि हमाल एकाच गाडीपाशी कागदावर तो घेऊन उभे असतात. चण्यांत कांदा-लसूण असतोच, म्हणून काटेकोर नियमवाल्यांना तो घरी करवून घ्यावा लागेल. पण भारतीय वंशाच्या घरात किंवा मंदिराच्या स्वयंपाकघरात ‘कांदा-लसूण नको’ हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. पूजेच्या दिवसांचे जेवण त्यांना ठाऊक आहे. साधी रोटी, डाळ भरून केलेली डालपुरी, भोपळ्याची भाजी, ‘मोहनभोग’ हे सारे शब्द तेथे जिवंत आहेत. ‘सहीना’ हा पदार्थ पाहून तर मराठी गृहिणी थबकेल. अळूच्या पानांना वाटल्या डाळीचे पीठ लावून तळलेली ती चक्क अळुवडी असते.

सावध राहायचे ते दोन ठिकाणी. ‘कालालू’ नावाचे अळूचे फदफदे दिसायला निरुपद्रवी, पण त्यात बहुधा खेकडा सोडलेला असतो. आणि ‘प्रोव्हिजन’ या नावाखाली ताटात येते ती अळकुडी, सुरणासारखे कंद, कसावा, रताळी यांची रास. ‘शाकाहारी आहे का’ एवढे विचारून भागत नाही. जमिनीखालचे काय आहे, तेही विचारावे लागते.

जेवण झाले, दिवस मावळला, की पोर्ट ऑफ स्पेनमध्ये दुसरे जग उघडते. नववर्ष सुरू झाल्यापासून कार्निव्हलपर्यंतच्या आठवड्यांत शहराच्या कुठल्याही बाजूला कान दिला तर धातूचा एक झुळझुळता नाद ऐकू येतो. तो ‘पॅनयार्ड’मधून येतो. पॅनयार्ड म्हणजे वाद्यवृंदाचे अंगण. उघड्या जागेत शंभरापर्यंत वादक, त्यांत शाळकरी मुली आणि पिकल्या केसांचे आजोबा, बहुतेक सारे कागदावरची स्वरलिपी न पाहता, केवळ स्मरणाने एकच रचना तासन्‌तास घोटत असतात. पाहायला येणाऱ्याने कडेच्या बाकावर बसावे. कोणी काही विचारत नाही.

या वाद्याचा जन्म मनाईतून झाला. कार्निव्हलच्या रात्री मशाली आणि ढोल घेऊन निघणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची इंग्रज सत्तेला धास्ती वाटे. १८८१ साली या मिरवणुकीवरून मोठी दंगल झाली आणि त्यानंतर ढोलांवर बंदी आली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरायला सुरुवात केली. पुढे बिस्किटांचे डबे आले, मोटारींचे सुटे भाग आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलाची रिकामी पिंपे हाताशी आली. पिंपाचे तोंड हातोडीने ठोकून आत खोलगट करायचे, त्यावर सुरांच्या जागा आखायच्या, विस्तवावर तापवायचे आणि मग पुन्हा पुन्हा ठोकून एकेका जागेतून शुद्ध स्वर काढायचा. लावेंटिलसारख्या डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांतील तरुणांनी हे शास्त्र कोणत्याही शाळेत न जाता घडवले. सुरुवातीला सभ्य घरांतील मुलांना पॅनयार्डकडे फिरकू देत नसत, कारण वाद्यवृंदांच्या टोळ्यांत मारामाऱ्या होत. १९५१ साली निवडक वादकांचा संघ लंडनच्या महोत्सवात वाजवून आला आणि हवा पालटली. नंतर बँका आणि तेल कंपन्या वाद्यवृंदांच्या आश्रयदात्या झाल्या, १९६३ पासून ‘पॅनोरामा’ स्पर्धा सुरू झाली, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून ठरवला. जैन श्रोत्याला आणखी एक गोष्ट जाणवल्यावाचून राहणार नाही. ढोल, तबला, मृदंग, ताशा, एकूण एक चामड्याची वाद्ये. येथे मात्र सूर निघतो तो पत्र्यातून आणि पॅनमध्ये कोणत्याही जिवाचे कातडे नाही. त्या लोकांनी हे त्या हेतूने केले नव्हते, हे उघड आहे. तरी ऐकताना मन निश्चिंत होते.

कार्निव्हल स्वतः, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचा सोमवार-मंगळवार, हा प्रत्येक कुटुंबाला झेपेल असा उत्सव नाही. सोमवारी पहाटे चारच्या अंधारात ‘जुव्हे’ सुरू होतो. अंगाला चिखल आणि रंग फासून हजारो लोक रस्त्यावर नाचतात. पोशाख अपुरे, मद्य भरपूर. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेऊन जायचे तर त्या दोन दिवसांपेक्षा आधीच्या आठवड्यांतील पॅनयार्ड शतपट बरे. शिवाय बेटावर टोळ्यांची गुन्हेगारी आहे; डिसेंबर २०२४ मध्ये सरकारला आणीबाणी पुकारावी लागली होती. रात्री फिरायचे तर ओळखीच्या वाहनातून आणि स्थानिक माणसाला बरोबर घेऊन, हा नियम मोडू नये.

ज्यांना बेटाची सोज्वळ रात्र हवी आहे, त्यांनी दिवाळीचा मुहूर्त साधावा. मध्य त्रिनिदादमधील चगुआनास येथे १९८६ पासून ‘दिवाळी नगर’ भरते. नऊ रात्री गाणे, नृत्य, कथा, खाद्यपदार्थांचे ठेले. आवारात मांस नाही, मद्य नाही. एवढ्या मोठ्या मेळ्यात डोळे मिटून खाता येईल अशा जागा भारताबाहेर फार नाहीत. प्रत्यक्ष दिवाळीला, जी तेथे १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे, जवळच्या फेलिसिटी गावात बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी उभारतात आणि त्यांवर मातीच्या पणत्या ओळीने लावतात. त्यांना ‘दिया’ म्हणतात. शेजारचे आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती कुटुंबही आपल्या अंगणात चार दिये लावते. सेंट लुशिया या बेटाचे कवी डेरेक वॉल्कॉट यांनी १९९२ च्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात याच फेलिसिटीच्या रामलीलेच्या वर्णनाने केली होती.

वॉटर्लूचे सागरमंदिर याच भागात आहे. शिवदास साधू नावाचा उसाच्या मळ्यातला मजूर. त्याने १९४७ मध्ये समुद्रकाठच्या पडीक जागेत लहानसे देऊळ बांधले. जागा साखर कंपनीच्या मालकीची निघाली. पाच वर्षांनी देऊळ पाडण्याचा हुकूम आला. स्वतःच्या हाताने पाडायला त्याने नकार दिला म्हणून १४ दिवसांचा तुरुंगवास झाला, आणि देऊळ जमीनदोस्त झाले. जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कुणाचा नाही, असा त्याने विचार केला. ओहोटीच्या वेळी पाण्यात लोखंडी पिंपे उभी करायची, त्यांत दगड-सिमेंट भरायचे; सामान वाहायला एक सायकल आणि दोन बादल्या. पंचवीस वर्षे हे काम चालले. १९९५ मध्ये, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, त्या जागी आजचे मंदिर उभे राहिले. ज्या पिंपांतून एका समाजाने सूर काढला, त्याच पिंपांवर दुसऱ्या समाजातल्या एका माणसाने देवळाचा पाया घातला. हुकमाने ढोल गेला तसे हुकमानेच देऊळ गेले. दोन्ही परत आले ते पहिल्याहून देखणे होऊन. जवळच कारापिचाइमा येथे ८५ फुटी हनुमान आणि दत्तात्रेयाचे मंदिर आहे. सातासमुद्रांपलीकडे ‘दत्त’ हे नाव ऐकून मराठी प्रवाशाला काय वाटेल, हे सांगायला नको.

मराठी माणसाचे त्रिनिदादशी आणखी एक नाते आहे आणि ते क्वीन्स पार्क ओव्हल या मैदानावर जडले. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवले ते येथे, मार्च १९७१ मध्ये. दिलीप सरदेसाईंचे शतक, पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७ करणारे सुनील गावस्कर; त्याच मैदानावर मालिकेच्या शेवटच्या सामन्यात गावस्करांनी १२४ आणि २२० धावा केल्या. त्यांच्यावर लॉर्ड रिलेटर या गायकाने रचलेले कॅलिप्सो गीत तेथील जुन्या माणसांना आजही आठवते. हरल्याचे गाणे करणारी ही माणसे आहेत.

व्यापारी घराण्यातील वाचकाला पोर्ट ऑफ स्पेनच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर फिरताना ओळखीची खूण पटेल. विसाव्या शतकाच्या आरंभी सीरिया-लेबनॉनमधून आलेली माणसे येथे कापडाचे गाठोडे पाठीवर टाकून दारोदार उधारीने कापड विकत. गाठोड्याचे दुकान झाले, दुकानाची पेढी झाली. खेड्यापाड्यांतून माल घेऊन हिंडलेल्या आपल्या पणजोबांची कथा याहून फार वेगळी नसते. बेटाचा जुना माल मात्र बदलला. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद पडली, हजारो कामगार घरी बसले आणि काही वर्षांतच साखरेचे उत्पादन थांबले. आज देश चालतो तो तेल आणि नैसर्गिक वायूवर. कोको मात्र टिकून आहे. ‘त्रिनितारिओ’ ही जगभर मान्यता पावलेली कोकोची जात याच बेटावर, दोन जातींच्या संकरातून जन्मली. बिया आंबवून, उन्हात वाळवून विकणारे लहान शेतकरी आता स्वतःचे चॉकलेटही करू लागले आहेत.

आता उत्तरेकडे. पोर्ट ऑफ स्पेनपासून अडीच-तीन तासांच्या वळणावळणाच्या रस्त्याने ग्रांद रिव्हिएर हे लहानसे गाव येते. मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत येथे आणि पूर्वेच्या मातुरा किनाऱ्यावर लेदरबॅक कासवे अंडी घालायला येतात. पाठीवर कठीण ढाल नसलेले, काळ्या चिवट त्वचेचे हे जगातले सर्वांत मोठे कासव. मादीचे वजन ३०० ते ५०० किलो असते. मध्यरात्री ती लाटांतून वर येते, श्वास टाकत, थांबत, जड शरीर ओढत. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी ती वाळूत एक खोल, अरुंद खड्डा कोरते. तो इतक्या हळुवारपणे, की डोळ्यांनी न पाहता एवढी नेमकी कोरणी कशी जमते, असे वाटावे. ऐंशीच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, जागा ओळखू येऊ नये म्हणून फिरून वाळू उधळते आणि परत जाते. डोळ्यांतून घट्ट पाणी गळत असते. ती शरीरातील मीठ बाहेर टाकण्याची सोय असते. पण पाहणाऱ्याला ते रडणेच वाटते.

पूर्वी या मादीला परत जायला मिळत नसे. अंडी घालताना ती निश्चल असते. कोयता घेऊन आलेल्याला यापेक्षा सोपी शिकार कोणती? मातुराच्या वाळूवर कापलेली कासवे कुजत पडलेली असत. १९९० मध्ये हा किनारा हंगामापुरता परवानगीशिवाय बंद करण्यात आला आणि गावातल्याच लोकांनी ‘नेचर सीकर्स’ ही संस्था काढून रात्रीचा पहारा सुरू केला. सुरुवातीला पैसा नव्हता, धमक्या होत्या. शिकार करणारे कोणी परके नव्हते, शेजारी होते. हळूहळू पाहुणे येऊ लागले. कासव दाखवणाऱ्या वाटाड्याला, जेवण रांधणाऱ्या बाईला, खोली देणाऱ्या घराला मिळकत सुरू झाली. एकदा कापलेले कासव एकदाच विकले जाते, जिवंत कासव दर हंगामात गावाला पोसते, हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. १९९७ मध्ये ग्रांद रिव्हिएरचा किनाराही संरक्षित झाला. तरीसुद्धा देशात कासवांच्या शिकारीवर बारमाही बंदी यायला २०११ उजाडावे लागले. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांसाठी २००२ पासून जे केले, त्याचेच हे जुने भावंड.

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव आहे. पैठणच्या अतिशय क्षेत्री त्यांच्या मूर्तीपुढे हात जोडलेल्या कुटुंबाने ग्रांद रिव्हिएरच्या वाळूत अंधारात उभे राहून ती मादी पाहावी. मारणारा हातच राखणारा झाला, ही गोष्ट आपल्या कथावाङ्मयात पुष्कळदा येते. येथे ती प्रत्यक्षात, एका पिढीच्या आत घडली आहे, आणि उपदेशाने कमी, चरितार्थाने अधिक.

राखण संपलेली नाही. जुलै २०१२ मध्ये नदीने प्रवाह बदलून किनारा खायला सुरुवात केली, म्हणून तो वळवायला आणलेल्या यंत्रांखाली हजारो अंडी आणि पिल्ले चिरडली गेली. गावकरी हाताने वाळू उकरून उरलेली पिल्ले वेचत होते. नदी आजही तशीच लहरी आहे. दिवसा गिधाडे आणि मोकाट कुत्री टपलेली असतात. म्हणून सकाळी उशिरा वर आलेली पिल्ले गावकरी बादलीत ओल्या वाळूवर ठेवतात आणि सूर्य मावळल्यावर पाण्यापासून काही पावलांवर सोडतात. हातातून समुद्रात टाकत नाहीत. ती वाळू त्यांची त्यांनीच चालायची असते. तळहाताएवढे पिल्लू उजेडाच्या दिशेने निघते, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असते ते क्षितिजाकडचे पाणी. मागच्या बाजूला एखादा बल्ब जळत असेल तर ते उलट फिरून गावाकडे चालू लागते. त्यामुळे हंगामाच्या दिवसांत किनाऱ्यालगतच्या खोल्यांतले दिवे लवकर मालवले जातात आणि वाटाड्याच्या हातात असतो तो फक्त लाल कागद गुंडाळलेला कंदील.